मोटरच्या अंगावरची पाटी

तळोजा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात पंपाशेजारी वाकून पाहिलं, तर मोटरच्या अंगावर रिव्हेट मारून बसवलेली तळहाताएवढी पाटी सापडते. तेल आणि धूळ फडक्यानं पुसली की अक्षरं वर येतात. किती किलोवॅट, किती एचपी, किती व्होल्ट, किती अँपिअर, मिनिटाला किती फेरे, वाइंडिंगचं इन्सुलेशन कोणत्या वर्गाचं. अलीकडच्या मोटरवर आणखी एक नोंद असते, आयई२ किंवा आयई३. घेतलेल्या विजेपैकी किती वीज मोटर प्रत्यक्ष कामाला लावते, त्याची ही श्रेणी. मोटर जळाली तर ती भरायला द्यायची की नवी आणायची, केबल केवढी टाकायची, स्टार्टर कोणता बसवायचा, हे मेंटेनन्सवाला या पाटीवरून ठरवतो. विकणाऱ्यानं काय सांगितलं होतं, हा प्रश्न तिथे येतच नाही.

तळोजा ज्या पनवेल तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. चेहऱ्यावरून ओळख पटवणारी डिजियात्रा ही सोय वापरणारा प्रवासी दाराशी येतो, कॅमेऱ्याकडे पाहतो आणि काही क्षणांत फाटक उघडतं. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण हे यंत्र खऱ्या प्रवाशाला हजारात किती वेळा अडवतं? भलत्याच माणसाला आत सोडण्याची शक्यता किती? वय वाढलेला, दाढी ठेवलेला, चष्मा बदललेला माणूस समोर आला तर काय होतं? यातलं काहीही त्या फाटकावर लिहिलेलं नसतं.

मोटर आणि चेहरा ओळखणारा कॅमेरा, दोन्हीकडे सध्या शोधांची रीघ लागली आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात फिरलं की एका टेबलावर रास्पबेरी पाय बोर्डाला जोडलेला कॅमेरा आणि चेहरा पटला की खट्‌कन उघडणारं सोलेनॉइड कुलूप दिसतं. शेजारच्या टेबलावर बीएलडीसी (ब्रशविना डीसी) मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर. दोन्ही टेबलांवरची मुलं तितकीच हुशार असतात. फरक पडतो तो ‘किती नीट चालतं?’ या परीक्षकाच्या पहिल्या प्रश्नाला. मोटरवाल्या मुलांकडे वॉटमीटर असतो, टॅकोमीटर असतो. ती आकडा सांगतात. कॅमेऱ्यावाली मुलं बहुतेक वेळा आपल्याच वर्गातल्या चार मित्रांचे चेहरे दाखवून कुलूप उघडतात.

मोटरला आकड्यांची ही शिस्त एका दिवसात लागली नाही. तिची गोष्ट पनवेलकरांच्या रोजच्या लोकलमधून सांगता येते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेवरची गाडी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, ती हार्बर मार्गानं. वर तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि गाडीखाली डीसी मोटरी. पुढे खाडी ओलांडून हाच मार्ग १९९८ मध्ये उपनगरी गाड्यांसाठी पनवेलपर्यंत पोचला. या डीसी मोटरींचा एक मोठा गुण होता: स्टेशनातून निघताना लागणारा जोर त्या सहज देत. दुखणंही तेवढंच मोठं होतं. फिरणाऱ्या भागाला वीज पोचवायला कार्बनचे ब्रश तांब्याच्या कम्युटेटरवर घासत राहतात. ते झिजतात, ठिणग्या उडतात, धूळ साचते, आणि मुंबईच्या पावसात रुळांवर पाणी चढलं की गाडीच्या पोटाशी लटकणाऱ्या मोटरीची काळजी सगळ्यांत आधी करावी लागते.

ब्रश नसलेली मोटर तेव्हाही होती. इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८० च्या दशकात फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना प्रत्यक्षात आणली. टेस्लाची पेटंटं १८८८ ची. पाठोपाठ मिखाइल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यानं तीन फेजवर चालणारी, पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटर केली. बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांत तीन फेजचा प्रवाह सोडला की आत चुंबकीय क्षेत्र गरगर फिरतं आणि रोटर त्याच्या मागे ओढला जातो. घासणारं काही नाही, ठिणगी नाही. पिठाच्या गिरणीपासून विहिरीवरच्या पंपापर्यंत ही इंडक्शन मोटर पसरली, ती या साधेपणामुळे.

मग लोकलला ती का बसवली नाही? कारण तिचा वेग तारेतल्या प्रवाहाच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेला असतो. ५० हर्ट्‌झ मिळाले की ती आपल्या ठरलेल्या वेगानं फिरणार. गाडीला तर शून्यापासून हळूहळू वेग हवा. हे कोडं मोटर बनवणाऱ्यांनी सोडवलं नाही. ते सोडवलं सिलिकॉनच्या तुकड्यांनी. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच आले, त्यांच्यापासून इन्व्हर्टर झाले आणि मोटरमनच्या हँडलनुसार हवी ती फ्रीक्वेन्सी तयार करता येऊ लागली. मुंबईच्या लोकलमध्ये तीन फेज मोटरींचे नवे सीमेन्स रेक २००७ पासून आले. हार्बरवरचा डीसी प्रवाह एप्रिल २०१६ मध्ये कायमचा बंद झाला आणि २५ हजार व्होल्टचा एसी सुरू झाला. गाडी सुटताना खालून चढत्या सुरात येणारा तो आवाज बरेचसे प्रवासी ओळखतात. तो या इन्व्हर्टर आणि मोटर यांच्या जोडीचा.

ब्रेक लावताना हीच मोटर जनरेटर होते आणि वीज तारेत परत पाठवते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते सांगायला नको. पूर्वी ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जात असे. नव्या गाड्यांत साधारण ३० टक्क्यांपर्यंत वीज अशी परत मिळते, असं रेल्वेचं म्हणणं आहे.

कारखान्यातल्या मोटरची प्रगती मात्र एवढी नजरेत भरत नाही. ती एक-दोन टक्क्यांनी पुढे सरकते, आणि पैसा तिथेच आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वीज मोटरी आणि त्यांच्यावर चालणारे पंप, पंखे, कॉम्प्रेसर खातात. पूर्वी कार्यक्षमता मोजण्याचा प्रत्येक देशाचा हिशेब निराळा होता. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगानं आयई श्रेणींची एकच मोजपट्टी आणली. भारतीय मानक आयएस १२६१५ त्याच धर्तीवर आहे, आणि २०१७ च्या केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं आयई२ ही किमान पायरी ठरवली.

७.५ किलोवॅटची, म्हणजे १० एचपीची, चार पोलची मोटर घ्या. आयई१ श्रेणीत तिची कार्यक्षमता ८६ टक्के, आयई२ मध्ये ८८.७, आयई३ मध्ये ९०.४ आणि आयई४ मध्ये ९२.६ टक्के. आकडे एकमेकांना चिकटून असल्यासारखे वाटतात. पण ही मोटर पूर्ण भारावर वर्षाला ६००० तास चालत असेल, तर आयई१ ऐवजी आयई३ बसवल्यानं वर्षाला सुमारे अडीच हजार युनिटं वाचतात. एका मोटरीची एवढी. तळोज्यासारख्या वसाहतीत अशा मोटरी किती असतील, याचा अंदाज वाचकानंच करावा.

हे जादा टक्के येतात कुठून? तांब्याची तार जाड करणं, खाचांत ती अधिक गच्च बसवणं, गाभ्याचे पोलादी पत्रे पातळ आणि चांगल्या प्रतीचे वापरणं, मागचा पंखा नीट आखणं. यातल्या कुठल्याही गोष्टीची बातमी होत नाही. उलट वाट चुकते ती रिवाइंडिंगच्या दुकानात. जळलेलं वाइंडिंग काढायला मोटर बेसुमार तापवली, तर पत्र्यांमधला इन्सुलेशनचा थर मरतो; मोटर भरून परत येते, फिरते, आवाजही करत नाही, पण पुढची कित्येक वर्षं बिलात एखाद-दोन टक्के जादा घेत राहते. पाटीवर मात्र जुनाच आकडा असतो. चांगला कारागीर तापमान सांभाळतो आणि मूळ वेढे व तारेचा गेज लिहून ठेवतो. त्याच्याकडे मोटर द्यायला थांबावं लागलं तरी थांबावं.

घरातलं उदाहरण छताला टांगलेलं आहे. जुना पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॉट घेतो. नवी मुंबईत घडलेल्या अ‍ॅटमबर्ग कंपनीनं २८ वॉटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा बाजारात रुजवला. आयआयटी मुंबईत शिकलेले मनोज मीना आणि शिबब्रत दास तिचे संस्थापक. या पंख्यात रोटरवर कायमचुंबक असतात आणि छोटा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड वेटोळ्यांत योग्य क्षणी प्रवाह सोडतो. रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १७० युनिटांच्या आसपास बचत. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकनाचं लेबल सक्तीचं झालं आणि दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती तुलनेचं साधन आलं. कंपनीची जाहिरात बाजूला ठेवून लेबल वाचता येतं.

कायमचुंबकाचं दुसरं टोक २०२५ मध्ये पुण्याला टोचलं. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा जबरदस्त ताकदीचा चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधला. विजेवरच्या स्कूटरची चपटी, हलकी आणि दमदार मोटर त्याच्यामुळेच शक्य झाली. उष्णतेत चुंबकाची ताकद टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. ४ एप्रिल २०२५ रोजी चीननं यांसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि काही महिन्यांतच पुण्याच्या बजाजला चेतक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दुसरीकडे फेराइटसारख्या स्वस्त चुंबकांवर किंवा चुंबकाशिवाय, नुसत्या पोलादाच्या आकारावर चालणाऱ्या रिलक्टन्स मोटरींवर काम जोरात सुरू आहे. या मोटरी उतरल्या की नाही, याचाही निवाडा होणार तो बंगळूरच्या सीपीआरआयसारख्या प्रयोगशाळेतल्या टेस्ट बेंचवर.

आता चेहऱ्याकडे.

यंत्रानं चेहरा ओळखावा, ही धडपड १९६० च्या दशकापासूनची. अमेरिकेत वूडी ब्लेडसो आणि त्याचे सहकारी फोटोवर डोळ्यांचे कोपरे, नाक, ओठ अशा खुणा हातानं नोंदवत आणि त्यांच्यातली अंतरं संगणकाला देत. १९७३ मध्ये ताकेओ कानाडे यांनी जपानमध्ये या खुणा संगणकाकडूनच शोधून घेतल्या. १९९१ मध्ये एमआयटीतल्या टर्क आणि पेंटलंड यांनी सबंध चेहरा गणिती साच्यांच्या बेरजेत मांडला. खरी उडी २०१४-१५ ची. न्यूरल नेटवर्कला लाखो फोटो दाखवून शिकवल्यावर ते प्रत्येक चेहऱ्याचं काही मोजक्या आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करू लागलं. गूगलच्या फेसनेटमध्ये ही मालिका १२८ आकड्यांची होती. एकाच माणसाच्या दोन फोटोंच्या मालिका जवळ येतात, वेगळ्या माणसांच्या दूर पडतात.

इथे मुख्य गोम आहे. यंत्र ‘हा तोच माणूस’ असं कधी म्हणत नाही. दोन मालिका किती जवळ आहेत, एवढंच सांगतं. किती जवळ असल्या म्हणजे तोच माणूस मानायचा, ती रेघ माणसं ओढतात. रेघ कडक ठेवली तर खरा माणूस दाराबाहेर राहतो. सैल सोडली तर भलता आत येतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत, म्हणून ‘९९ टक्के अचूक’ हा एकटा आकडा निरुपयोगी आहे. कुठल्या रेघेवर, कोणत्या चुकीचा, कोणाच्या चेहऱ्यांवर मोजलेला, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

वापर कोणता, यावरही बरंच अवलंबून असतं. मोबाइल उघडणं किंवा विमानतळाचं फाटक ओलांडणं यात प्रश्न एकच असतो: हा चेहरा या एका नोंदीशी जुळतो का? गर्दीतल्या प्रत्येकाला गुन्हेगारांच्या यादीशी ताडून पाहणं हा निराळाच खेळ. समजा, एखाद्या स्टेशनवर दिवसाला एक लाख चेहरे कॅमेऱ्यापुढून जातात आणि यंत्र हजारात एकदाच चुकीचा इशारा देतं. तरी रोज शंभर निरपराध माणसांवर बोट जाणार. यादीतला खरा आरोपी त्या दिवशी आलेला असो वा नसो.

हा धोका कागदी नाही. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळ रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाला चुकीच्या जुळणीवरून बायकामुलींसमोर अटक झाली. त्याआधी २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ठरवणारी व्यावसायिक यंत्रं तपासली, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत निघाली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं १८९ अल्गोरिदम तपासले. फोटोशी फोटो ताडताना अनेकांच्या बाबतीत आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांवर चुकीची जुळणी गोऱ्यांपेक्षा दहा ते शंभर पट जास्त होती. काही चांगल्या अल्गोरिदममध्ये हा फरक जवळजवळ नव्हता, हेही त्याच तपासणीत दिसलं. म्हणजे दोष सगळ्यांचा सारखा नाही, आणि तो मोजता येतो.

भारतात काय? हरवलेली मुलं शोधण्यासाठी आणलेल्या यंत्रणेची अचूकता २ टक्के असल्याचं दिल्ली पोलिसांनीच २०१८ मध्ये उच्च न्यायालयाला सांगितलं. पुढे, २०२२ मध्ये माहिती अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात, ८० टक्क्यांवरची जुळणी आपण खरी धरतो, असं त्यांनी कळवलं. ही ८० ची रेघ का आणि कोणी ओढली, हा नागरिकानं विचारायचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातही चेहरा आता बऱ्याच दारांची किल्ली झाला आहे. मंत्रालयात २०२५ पासून प्रवेशासाठी चेहरा पडताळला जातो. पेन्शनरांना नोव्हेंबर २०२१ पासून हयातीचा दाखला घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो; बोटांचे ठसे पुसट झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची बँकेची फेरी त्यानं वाचवली. तंत्रज्ञानाचा असा उपयोग पाहिला की समाधान वाटतं.

पण १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठीही पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर चेहरा पटवणं सक्तीचं झालं. गरोदर बाई किंवा तान्ह्या बाळाची आई पाकीट घ्यायला येते. सेविका मोबाइल तिच्या चेहऱ्यासमोर धरते, डोळे मिटा-उघडा म्हणते, कारण समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, हे अ‍ॅपला पटायला हवं. उजेड कमी, रेंज नाही, फोन जुना, आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आणि नवरा कामावर. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांच्या संघटनांनी या अडचणी सतत मांडल्या आहेत, आणि रायगडमधल्या डोंगरातल्या कातकरी-ठाकर वाड्यांवर रेंजची अडचण नवी नाही. विमानतळावर फाटक उघडलं नाही तर शेजारी दुसरी रांग असते. इथे अडतं ते बाळंतिणीचं आणि लेकराचं अन्न. ज्या ठिकाणी चूक सगळ्यांत महाग पडते, तिथे यंत्राच्या चुकीचं प्रमाण जाहीर नसणं हे चूकच आहे.

पेटंट आहे ना, मग यंत्र चांगलंच असणार, असा एक समज असतो. कॉलेजांच्या फलकांवर आणि कंपन्यांच्या पत्रकांवर तो पोसला जातो. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळाल्यापासून अर्जांची संख्या खूप वाढली, आणि ते चांगलंच झालं. मात्र ‘पेटंट प्रसिद्ध झालं’ म्हणजे मिळालं नव्हे. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो जर्नलमध्ये छापला जातोच. परीक्षण पुढे असतं. आणि मिळालेलं पेटंटही सांगतं एवढंच की कल्पना नवी आहे, सहज सुचणारी नाही आणि उद्योगात वापरता येण्याजोगी आहे. ती किती बरोबर चालते, हे अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयानं तपासावं अशी अपेक्षाच नाही. त्यात भारतीय कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. म्हणून चेहरा ओळखण्याचे बरेच अर्ज कुलूप, कॅमेरा, सेन्सर अशा वस्तूंच्या जोडीनं येतात. कुलपाची रचना नवी असेल. चेहरा ओळखण्याचा भाग कितीही कच्चा असू शकतो.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रालाही पाटी हवी, आणि ती अवघड नाही. कोणत्या वयाच्या, कोणत्या भागातल्या किती माणसांवर तपासलं. डोक्यावर पदर, टोपी, जाड चष्मा असताना काय झालं. ठरवलेल्या रेघेवर खऱ्याला अडवण्याचं आणि खोट्याला सोडण्याचं प्रमाण किती. छापील फोटो, मोबाइलवरचा व्हिडिओ किंवा मुखवटा दाखवून फसवण्याची चाचणी झाली का. चेहऱ्याची नोंद किती तास किंवा किती वर्षं राहणार. जुळलं नाही तर दुसरा मार्ग कोणता. डिजियात्रेनं यातल्या एका प्रश्नाचं उत्तर जाहीर दिलं आहे: ओळखपत्राची माहिती प्रवाशाच्या फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते. एक रकाना भरता येतो, तर बाकीचेही भरता येतील. निस्टसारख्या संस्थेच्या चाचणीचे निकाल कंपनीच्या नावानिशी कोणालाही वाचता येतात. तसे चाचणीचे निकाल, आपल्याकडच्या चेहऱ्यांवर, आपल्याकडच्या उजेडात घेतलेले, इथेही छापता येतील.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती, माहितीचा हेतू सांगणं, काम झाल्यावर ती पुसणं यांविषयीच्या मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास लागू होतील. अचूकतेच्या चाचणीचे आकडे जाहीर करण्याची सक्ती त्यांत नाही. पण महापालिका, रेल्वे, शाळा आणि सोसायट्या कॅमेरे घेताना निविदा किंवा निदान कोटेशन मागवतातच, आणि मोटरच्या खरेदीत ‘आयई३, आयएस १२६१५ प्रमाणे, टेस्ट सर्टिफिकेटसह’ ही ओळ आपल्याकडचे खरेदी विभाग वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. चेहऱ्याच्या यंत्रासाठी तशीच एक ओळ आजच्या निविदेत घालायला कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.